काळीतलं घर

माझं माहेर पिंपळगाव राजा, सासर वरवट बकाल, दोन्हीकडं वावरातलीच माणसं. सासरी चार भाऊ अन् खोल्या दोन, मंग आमचे हे चिखलीच्या बाजारात मापारी म्हणून लागले अन् मी पोरीले कडेवर घेऊन त्यायच्या मांगून आली. मोटारीच्या टपावर माझ्या मायनं देल्लं जातं चढवलं, तं कंडक्टर म्हणे, बाई, चिखलीत गिरणी हाय, हा दगड काऊन नेऊन राह्यल्या? म्या म्हटलं, पोरीच्या लग्नाची हळद का तुमच्या गिरणीत दळू? अन् पोरगी, आमची सुमन, तिले तवा दात बी नोते आले.

काय सांगू तुम्हाले भाऊ, भाड्याची खोली म्हणजे शिंकाचं तरी इचारून शिंका लागे. घरमालकीणकाकू मनानं वाईट नोत्या, पण खिळा ठोकू नका, भिंत खराब होते, जातं रोवू नका, जमीन उखडते, हेच त्यायच्या तोंडात. जातं खाटेखाली पडलं ते पडलंच. सुमनचं लग्न जमलं तवा मी भीतभीत म्हटलं, काकू, हळदीपुरतं रोवू द्या. तं म्हणे, गावाकडं जा न वं, तिथं दळा. मले लागलं ते, लयच लागलं. जेवता जेवता ह्यायले सांगून टाकलं, सुमनची हळद दळीन तं माझ्या घरात.

महाराष्ट्र तवा नवा नवा झाला होता, भाडे वाढून राह्यले होते, अन् गावाबाहेर वावरं मोडून प्लॉट पडून राह्यले होते. मास्तर, एस्टीचे डायवर, बाजारातले हमाल, जो तो प्लॉट पाहे. म्या गळ्यातली सोन्याची एकदाणी मोडली, एक तुकडा आमचा झाला. उन्हाळ्यात भिंती उभ्या केल्या, काय ऐट सांगू! अन् श्रावणात, भाऊ, भिंतीले असा तडा गेला का पलीकडची म्हैस दिसे.

आता ऐका आमची अक्कल. काळी माती ती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भेगेत बैलाचा खूर अडकते हे आम्ही लहानपणापासून पाह्यलेलं. गावात घर पांढरीवर अन् वावर काळीत, हे काय कोणी शिकवा लागते? पण प्लॉट म्हटल्यावर आम्ही त्याले वावर समजणंच सोडलं, अन् हातभर पाया खांदून मोकळे झालो. साऱ्या ओळीतल्या घरायची तीच गत.

हे तं म्हणे, विकून टाकू, लग्न गावाकडं करू. मी चिडली. म्हटलं, विकाचं अन् पुन्हा काकूच्या भिंतीले इचारत बसाचं? दिवाळी झाली, माती आवळली, तशा तडकलेल्या भिंती उतरवल्या अन् टिकास घेऊन मीच खांदाले लागली. शेजारचे डायवरभाऊ आंधी हासले, मंग आपला टिकास घेऊन आले, मंग सारी ओळच एकमेकाचे पाये खांदू लागली. पुरुषभर खाली गेलो तवा खणकन वाजलं. हे खड्ड्यातून वरडले, मुरूम लागला वं, मुरूम लागला! मी रडली भाऊ, खोटं काऊन सांगू.

हळदीच्या दिवशी भिंती कमरेएवढ्याच होत्या, वर टिनं नोते, नुसता मांडव. पण जातं आपल्या जमिनीत रोवलं, खुंट्याले हळकुंड-सुपारी बांधली, अन् पहिली मूठ कोणाच्या हातची? काकूच्या! म्याच बलावलं त्यायले. दळता दळता म्हणे, वं, जमीन हालत नाही तुही. म्या म्हटलं, मुरमावर हाय काकू.

आता सुमनची पोरगी शाळेत जाते. घरावर टिनं चढले, एक खोली वाढवली, ती मास्तरीणबाईले भाड्यानं देल्ली. परवा ती दारात आली, भीतभीत म्हणे, मावशी, भिंतीत एक खिळा ठोकू का? अन् भाऊ, भिंत खराब होते हे माझ्या जिभेवर आलंच होतं! नवा चुना मारला होता ना. मंग त्या मास्तरणीच्या आवाजात मले माझाच आवाज ऐकू आला, काकूपुढचा. मी उठली, हातोडी आणून तिच्या हातात देल्ली. म्हटलं, ठोक माय, एक काऊन, दोन ठोक. अन् तुले बी तुही भिंत होवो. पण पाया मुरमापर्यंत खांदजो.