पंधरा मीटरच्या वर नाही

केतकी : नाही दादा. ‘टॉर्पेडोनं लक्ष्य गाठलं’ असं मी लिहिणार नाही. त्यानं आपल्या पहाऱ्यावरच्या डोनलची होडी गाठली.

अंबरीश : अगं, हळू! डमी होता तो. पुढे रबर, आत दारू नाही, काही नाही. हेलिकॉप्टरमधून पडला, पाण्यात शिरला, पंख्याचा आवाज ऐकला आणि आवाजामागे गेला. हेच दाखवायचं होतं ना आपल्याला?

केतकी : पाणबुडीचा पंखा ऐकायचा होता त्यानं. आपण तळाशी सोडलेल्या नकली पाणबुडीचा. हा गेला वर, होडीकडे. आणि डोनल पाण्यात पडला.

मेधा : मनगट मोडलंय त्याचं. तूच घेऊन आलास ना त्याला, अंबरीश, नेमका माझ्याच ड्यूटीवर? घरी येऊन म्हणतोस, ‘नुसता धक्का लागला.’

अंबरीश : मेधा, तू डॉक्टर आहेस, टॉर्पेडोतलं तुला काय कळतं?

मेधा : मनगटातलं कळतं.

(आयर्लंडमधल्या शॅनन गावातलं अंबरीश-मेधाचं स्वयंपाकघर, रविवारची दुपार. केतकीनं समोरच्या पोह्यांना हात लावलेला नाही, आणि ती काही पोहे सोडणाऱ्यातली नव्हे.)

अंबरीश : बरं, ऐक. उद्या गिऱ्हाईक येतंय. त्यांना आपला टॉर्पेडोचा कान आवडलाय. तुझा कान, केतकी! तू लिहिलेला प्रोग्रॅम. त्यांची एकच अट आहे. पंधरा मीटर खोलीच्या वर शिकार करायची नाही, ही जी मर्यादा तू घातलीस, ती बंद करायचं बटण हवंय.

केतकी : ते मी देणार नाही.

अंबरीश : का पण? चालू ठेवायची तेव्हा ठेवतील.

केतकी : बटण असलं की दाबलं जातं. शुक्रवारच्या चाचणीत कुणी दाबलं? आपणच ना? तळं जेमतेम दहा मीटर खोल. मर्यादा ठेवली असती तर टॉर्पेडो बहिराच राहिला असता आणि पाहुण्यांसमोर आपलं हसं झालं असतं. म्हणून तुम्ही म्हणालात, ‘आजच्यापुरती काढ.’ मी काढली. आणि वर पहाऱ्याला डोनल इंजिन चालू ठेवून बसलाय, त्याला सांगायला आपण दोघंही विसरलो.

अंबरीश : गडबड होती गं.

केतकी : युद्धात काय निवांतपणा असतो? त्रेचाळीस साली विमानातून टाकायचा, आवाजामागे जाणारा पहिला टॉर्पेडो आला. तेव्हा अटलांटिकमध्ये जहाजांमागून जहाजं बुडत होती. तरी त्या लोकांनी मर्यादा घातलीच. चाळीसेक फुटांच्या वर शिकार नाही. का? तर वर आपली जहाजं, आपली माणसं. त्यांना तेवढ्या घाईत सुचलं, आणि आपल्याला इथे पोहे खाताना सुचत नाही!

मेधा : खात कुठे आहेस?

अंबरीश : हे बघ, मी तुझ्यापेक्षा दहा पावसाळे जास्त पाहिलेत. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. तुझं इथलं कामाचं परमिट कंपनीच्या नावावर आहे. नोकरी गेली तर उद्या पुण्याचं तिकीट काढावं लागेल. मीच शब्द टाकून तुला आणलं. मी कुठल्या तोंडानं तुझ्या बाबांशी बोलू?

केतकी : बाबांशी मी बोलेन. दादा, पाणबुडी बुडवायला माझी ना नाही. मला काय करायचंय ते माहीत होतं, डोळे उघडे ठेवून आले मी. पण वरचा माणूस वाचलाच पाहिजे. मर्यादा मी सेटिंगमध्ये ठेवणारच नाहीये. सर्किटमध्ये पक्की घालणार. कुणालाच काढता येणार नाही. मलासुद्धा.

अंबरीश : आणि ते म्हणाले, मग राहू दे तुमचा कान?

केतकी : तर राहू दे.

अंबरीश : हट्टी आहेस गं भयंकर!

केतकी : आहे. आणि रिपोर्टमध्ये मी लिहिणार, मर्यादा काढली होती म्हणून होडीला धडक बसली. तुमचं नाव नको असेल तर माझं एकटीचं घालते.

मेधा : तुला माहितीये का अंबरीश, हॉस्पिटलमध्ये तो डोनल तुला काय म्हणत होता? ‘सॉरी, मी मध्ये आलो.’ चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासीच माफी मागतोय! आणि तू मूग गिळून उभा!

अंबरीश : ...ऐकलंस तू ते?

मेधा : शेजारीच उभी होते मी. फार लाज वाटली मला.

अंबरीश : मला काय वाटली नसेल? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ...ठीक आहे. घाल दोघांची नावं. माझं वर घाल, मी सीनियर आहे. आणि उद्या बटणाचं मी बोलतो त्यांच्याशी. ओरडले तर माझ्यावर ओरडू देत.

केतकी : नक्की ना दादा? उद्या सकाळी मागे नाही हटायचं.

अंबरीश : नक्की म्हटलं ना! चल, ऊठ. आधी डोनलकडे जाऊ. चूक त्याची नव्हती, हे कुणीतरी सांगायला हवं त्याला.

केतकी : मी काल जाऊन आले.

मेधा : एकटी? काय म्हणाला?

केतकी : ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणाला, म्हणजे सगळं ठीक. डाव्या हातानं चहा केला माझ्यासाठी. त्याचा मुलगा किलीबेग्ज बंदराहून मासेमारीच्या बोटीवर जातो. त्यानं विचारलं, माझ्या पोराची बोटसुद्धा वरच असते, नाही का?

अंबरीश : मग?

केतकी : मी म्हटलं, हो, वरच असते.