विनाइलखाली उमटलेलं नाव

लग्नानंतर मी सदाशिव पेठेत सासऱ्यांकडेच राहायला गेलो. त्यांची एक जुनी स्टीलची सायकल होती, रंग पार विटलेला. मी इंटरनेटवर बघून काळं चकचकीत विनाइल, म्हणजे चिकटवायचा पातळ प्लास्टिकचा कागद, मागवलं आणि बायकोच्या हेअर ड्रायरनं गरम करत फ्रेमवर चिकटवायला बसलो. त्या दिवशी विश्रांतवाडीहून माझे वडील आले होते. दोघे व्याही चहा घेत माझ्या चुका काढत होते.

"इथे सुरकुती राहिली," सासरे म्हणाले.

मी अंगठ्यानं दाबलं. विनाइल ताणून बसलं आणि त्याखाली अक्षरं उमटली. पूर्वी चोरीच्या भीतीनं लोक सायकलच्या लोखंडातच नाव ठोकून घ्यायचे ना, तशी. जुन्या रंगाच्या थराखाली ती कधी दिसलीच नव्हती.

मी वाचलं आणि ड्रायर बंद करायचंही सुचेना. नाव माझ्या वडिलांचं होतं, आडनावासकट.

कॉलेजात असताना त्यांची सायकल चोरीला गेली होती. ती गोष्ट आम्ही लहानपणापासून जेवताना ऐकत आलोय.

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी जुन्या बाजारातून रीतसर विकत घेतली हो. शपथ."

वडिलांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग कप खाली ठेवून उठले.

"आधी सायकल नेलीत. मग मुलगा नेलात. आता माझी स्कूटर खाली जागेवर आहे का, तेवढं जरा बघून येतो."