रिकामा सोडलेला रकाना

हॅलो?… कोण, छोटी? थांब, मशीन बंद करते, काही ऐकू येत नाहीये… हं, बोल.

काय?… प्रवेश मिळाला? त्या शाळेत?… तुझ्या लेकीला?

अरे वा… नाही गं, खूश आहे ना. खूशच आहे. तोंडात टाचण्या आहेत म्हणून आवाज असा येतोय.

आमचं काय व्हायचंय? आलं पत्र. 'आपल्या मुलीचा विचार होऊ शकला नाही'… सोमवारीच आलं. कुणाला सांगितलं नाही.

अगं, ऐक ना… अगं, ऐक तर आधी! माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून. त्यांच्या घंटेवर माझा स्वयंपाक चालतो. त्यांचे चेंडू माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर. आणि तू पुलाच्या पलीकडून गाडीने येणार होय?

हो, हो… माहितीये नियम बदलले. नगरपालिकेची होती तेव्हा जवळच्या मुलांना आधी घ्यायचे. आता शाळा स्वतंत्र झाली, कुणाला घ्यायचं ते तीच ठरवणार. गेले होते ना मी नगरपालिकेत! खिडकीतला माणूस म्हणाला, "बाई, त्यांच्यापुढे आता आमचं काही चालत नाही." आणि खिडकी लावून जेवायला गेला.

मुलाखत झाली की. पोरीला चार प्रश्न, आम्हाला चौदा… छंद? खरं तेच लिहिलं. 'धाकट्या भावाला सांभाळते'… हसू नकोस! तू काय लिहिलंस?

घोडेस्वारी?… अगं, बागेत एकदा बसवलं होतं घोड्यावर, आणि उतरवेपर्यंत भोकाड पसरलं होतं तिनं! फोटो मीच काढलाय!

हो, जळते. जळतेच मी, लपवू कशाला? लहानपणापासून बघतेय. खिडकीची जागा तुला, मधली मला. आता माझ्या पोरीचंही तेच… नाही, रडत नाहीये.

कुठला रकाना?… 'पालक शाळेसाठी काय करू शकतात'? तो मी रिकामा सोडला… मला वाटलं, देणगी विचारतायत… तुम्ही काय लिहिलंत? तुझा नवरा दातांचा डॉक्टर, फुकट दात तपासतो म्हणाला असेल… तसे तिघं आधीच होते? मग?

शिवून देणार?… स्टेजचे पडदे… आणि नाटकाचे सगळे कपडे… कोण, तू? तुला सुईत दोरा ओवता येत नाही गं!

…

म्हणजे मी.

छोटे, माझे हात तू तुझ्या फॉर्मवर लिहिलेस?… आपलंच आहे म्हणजे काय, आपलंच?… हो, मला नाही सुचलं. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे त्या शाळेला हवं असं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या बरं आलं!

कधीपर्यंत?… पंधरा दिवसांत? नाही. नाही म्हणजे नाही. त्यांना सांग, बाई मेली… बरं, मेली नको, आजारी आहे म्हणून सांग… तुझ्या लेकीची जागा गेली तर जाऊ दे… हो, म्हणाले मी तसं. ऐकलंस ते बरोबर ऐकलंस.

तिला कशाला देतेस फोन?… अगं, पोरीला मध्ये घालू नकोस…

हॅलो… हो राणी, मावशीच… शाब्बास गं माझी बाय… नाही, तुझ्यावर कशी रागावेन?

कोण, आमची?… तुझ्या बाकावर?… जागा धरून ठेवणार आहेस तिला?

…

नको गं बाळा, नको धरूस. ती नाही येणार त्या शाळेत. तिची शाळा लांब आहे, दोन बस बदलून जावं लागेल… हो, घर इथंच आहे आमचं. कुंपणालाच… का म्हणजे…

तुझ्या आईला विचार… हो, आत्ताच विचार. मी थांबते फोनवर.

विचारलंस?… काय म्हणाली?

हॅलो?… छोटे?… हॅलो?