ड्रमला लागलेला हात

आमच्या सुनीताला घोड्यांचं वेड माहेराहूनच आलंय. तिच्या वडिलांची घोडी वरातीला जायची. यंदा लोह्याकडच्या एका जत्रेत ड्रमची शर्यत होती. तीन ड्रमांना वळसे घालून कमीत कमी वेळात घोडं परत आणायचं, ड्रम मात्र पडू द्यायचा नाही. नाव द्यायला ती मला सोबत घेऊन गेली.

पंचानं मलाच विचारलं, "घोडी तुम्ही पळवणार?"

"घोडी नुसती फुरफुरली तरी मला घाम फुटतो," मी म्हणालो. "बायको पळवणार हाय."

दोन ड्रम तिनं झकास घेतले. तिसऱ्याला गुडघा लागला अन् ड्रम कलला. तिनं पळत्या घोडीवरूनच हात टाकून तो सरळ केला आणि सुसाट परत आली.

"हात लावला. बाद," पंच म्हणाला.

"ड्रम पडला का?" सुनीतानं विचारलं.

"न्हाई. पण हात लावलेला कुठं चालतो?"

तिनं मोबाईलवर अमेरिकेतल्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. तिथली चॅम्पियन तसाच हात लावून जिंकली होती. पंचानं तो दोनदा पाहिला.

"ही तर बाईच हाय की."

"हाव. तिकडं ही शर्यत बायाच गाजवतात."

पंचांनी आपसात बोलून तिची वेळ धरली. सुनीताचा दुसरा नंबर आला. आम्ही निघालो तसा तोच पंच मागून आला आणि त्यानं हळूच विचारलं, "ताई, माझी पोरगी लई मागं लागलीय. कितव्या वर्षी शिकवता येतं?"

"रिकिबीत पाय पोचले की पाठवा," सुनीता म्हणाली.