नळाचं पाणी आणि कलशेट्टींचा चहा

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या व्यापारी मंडळाचे ज्येष्ठ सदस्य आदरणीय दिनकरराव. महाविद्यालयाची कामं बाजूला ठेवून आलेल्या प्राध्यापिका धम्मशीलाताई. आजचे सत्कारमूर्ती आणि आमचे सर्वांचे अण्णा, श्री. रामलिंग कलशेट्टी, त्यांचे धाकटे बंधू शिवकांतअप्पा, पहिल्या रांगेत बसलेल्या, दोघांच्याही मातोश्री चन्नबसम्मा अव्वा, आणि रोज चहा पिऊन त्यांचं चहाचं दुकान उभं ठेवणाऱ्या माझ्या सोनपेठकर बंधूंनो आणि भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. मी बन्सीधर. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. ज्याची सगळी नोकरी 'गाडी थोड्याच वेळात येत आहे' असं सांगण्यात गेली, त्याच्या 'थोडक्यात'वर किती भरवसा ठेवायचा, हे सभेनं ठरवावं.

रामलिंगअण्णा आज गल्ल्यावरून उठतायत. उद्यापासून दुकान त्यांची कन्या शिवानी बघणार. अशा वेळी सत्कारमूर्तींचे गुण सांगायचे असतात. ते सांगायला माझ्यानंतर तीन वक्ते आहेत. मी आपली हकीकत सांगतो.

अण्णांचे वडील बसवप्पा बिदरकडून इथे आले, ते निजामाची राजवट संपल्यानंतरच्या वर्षांत. आठवडी बाजारात पाल टाकून सुटी चहापत्ती विकायचे. हैदराबादेहून पेट्या यायच्या, आणि बसवप्पा दोन-तीन प्रकारची पत्ती एकत्र करून पुडी बांधायचे. पण गिऱ्हाईक आलं की आधी चौकशी: "गाव कोन्तं? विहिरीचं पानी कसं हाय, गोडं का मचूळ?" एकदा डिघोळचा एक जण वैतागून म्हणाला, "मालक, चहा द्यायलाव का सोयरीक जुळवायलाव?" बसवप्पा म्हणाले, "पानी कळल्याबिगर चहा देत न्हाई."

पुढे बसस्थानकासमोर जागा घेतली, आणि कलशेट्टी चहागृह सुरू झालं. सुरुवातीचा चहा अव्वांच्या हातचा. बसवप्पा गेल्यावर कामाची वाटणी झाली. थोरले रामलिंग पुढे, चुलीवर आणि गल्ल्यावर. धाकटे शिवकांत मागच्या खोलीत, पत्तीच्या मिश्रणावर. मधल्या भिंतीत एक खिडकी. मागून पत्तीचा डबा यायचा, पुढून रिकामा डबा जायचा.

अण्णांचा स्वभाव आपण जाणता. 'साखर कमी' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असं बघायचे, की जणू त्यानं त्यांचं शेतच मागितलं आहे. आणि अप्पा? दिवसभर चहाचा घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. घरच्या चहाला असं वागवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि तरी सगळं गाव त्याला कारागीर म्हणायचं!

मग गावात गोदावरीचं नळाचं पाणी आलं. आपण फटाके वाजवले, नारळ फोडले. चहाचा विचार कुणी केला होता का? एका माणसानं केला. नळाच्या पाण्याचा पहिला चहा चाखून अप्पा खिडकीशी आले. मी समोरच बाकावर होतो.

"अण्णा, पानी बदललंय. हे मिश्रण विहिरीच्या जड पान्याचं हाय. नळाचं पानी हलकं. कडक पत्ती कमी करावी लागती, न्हाईतर घशाला धरंल."

"बाबांचं मिश्रण हाय ते. हात लावायचा न्हाई."

"बाबा पानी बघूनच मिश्रण करत व्हते की."

"बाबा काय करत व्हते ते तू मला सांगतूस? तू तवा पाळन्यात व्हतास!"

दुकानात लोक होते. कुणीतरी हसलं. अप्पांनी खिडकी ओढून घेतली आणि आतून कडी लावली.

मंडळी, ती कडी दोन वर्षं निघाली नाही.

अप्पांनी मागच्या गल्लीकडे दार काढलं आणि नव्या मिश्रणाच्या पुड्या विकायला लागले. अण्णा वडिलांचं मिश्रण स्वतःच्या हातानं करू लागले. छप्पर एक, आई एक, आणि बोलणं बंद. मग निरोप कुणी न्यायचे? निवृत्त माणूस कशासाठी असतो! अव्वांच्या खाटेच्या एका बाजूला अण्णा, दुसऱ्या बाजूला अप्पा, मधे मी. अण्णा मला म्हणायचे, "बन्सीधरराव, त्यांना सांगा, अव्वाच्या गोळ्या संपल्यात." मी मान वळवून सांगायचो. अप्पा म्हणायचे, "आनल्यात म्हना." मी परत मान वळवायचो. माझ्या मानेचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

अव्वा रोज सकाळी दोन्ही लेकांचा एकेक कप घ्यायच्या. मी एकदा विचारलं, "अव्वा, कोन्ता चांगला?"

त्या म्हणाल्या, "दोनी एकट्यानं केलेले हायत." आणि तोंड फिरवून घेतलं.

आता कटू सत्य सांगायला हवं. अण्णांचा चहा खरंच घशाला धरायला लागला होता. गावात प्रत्येकाला कळत होतं. मग सांगितलं का नाही? ज्या माणसानं आपल्या घरी मयत झाल्यावर न बोलावता चहाची किटली पाठवली, त्याला 'तुमचा चहा बिघडलाय' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून लोकांनी युक्त्या केल्या. आमचे मुंजाजी गुरुजी, जे आत्ता खाली बघतायत, त्यांनी जाहीर केलं की डॉक्टरांनी चहा बंद केला. पुढच्याच बाजाराच्या दिवशी अण्णांनी त्यांना दुसऱ्या टपरीवर बशी फुंकताना पाहिलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, डाक्टर बदलला वाटतं."

पण त्या संध्याकाळी अण्णा बराच वेळ रिकाम्या बाकांकडे बघत बसले होते. मी बघितलं ते. शिवानी तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठात शिकत होती. ती सुट्टीला आली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "बाबा, काकांचं ऐका." अण्णा तिच्याशीही दोन दिवस बोलले नाहीत. तो निरोपही मलाच न्यावा लागला.

मग एका उन्हाळ्यात मुख्य जलवाहिनी फुटली. नळ कोरडे पडले, लोकांनी जुन्या विहिरी उपसल्या, कलशेट्टींच्या चुलीवर पुन्हा विहिरीचं पाणी चढलं. आणि काय सांगू! पहिल्या घोटालाच बसवप्पांची आठवण झाली. बाक भरले. गुरुजींच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. मागच्या गल्लीत मात्र लोक अप्पांच्या पुड्या परत करायला लागले, चहा फिकट पाण्यासारखा होतोय म्हणून. अण्णा खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "बाबांचं मिश्रण हाय म्हनावं!" या वेळी माझी गरज पडली नाही.

काही दिवसांनी वाहिनी दुरुस्त झाली. नळाला पाणी आलं. सकाळी अण्णांनी चहा केला, लोकांना दिला, आणि स्वतः एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. पत्ती कालचीच, दूध नेहमीचंच, हातही तोच. त्यांनी कप खाली ठेवला आणि आमच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. आम्ही सगळे एकदम कपात बघायला लागलो. तेव्हा त्यांना सगळं कळलं. आम्ही दोन वर्षं काय गिळत होतो, तेही.

ते उठले आणि खिडकीसमोर जाऊन उभे राहिले.

"शिवा."

अण्णांनी खिडकीवर बोटानं टकटक केली.

"शिवा, पानी बदललंय का रे?"

मग आत कडी वाजली आणि खिडकी उघडली. अप्पांना त्या वेळी किती बोलता आलं असतं! मी असतो तर दोन वर्षांचं सगळं काढलं असतं. पण तो माणूस नुसता म्हणाला, "व्हय, अण्णा. पत्ती देऊ का?"

"दे." मग अण्णा अडखळले. "शिवा, ते पाळन्याचं... मी सगळ्यांदेखत..."

"राहू द्या, अण्णा. तिकडं दूध उतू चाललंय."

आणि खरंच उतू चाललं होतं. अण्णा धावले. डोळे पुसले ते धुरानं, असं ते आजही सांगतात. चूल गॅसची आहे.

ही त्यांची फजिती मी सत्काराच्या दिवशी का सांगितली? परवाचा प्रसंग पाहिला म्हणून. शिवानीनं स्वतःचं पहिलं मिश्रण केलं. अण्णा पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. तिनं कप दिला आणि पदवी मिळवलेली पोर परीक्षेला आल्यासारखी उभी राहिली. अण्णांनी सावकाश सगळा कप संपवला.

"बाबा, कसा झालाय?"

"मला आवडलाय," अण्णा म्हणाले. "पन माझ्या आवडीवर जाऊ नगं. काकाला इचार."

अध्यक्ष महाराज, आपण मला बोलू दिलंत आणि घड्याळाकडे फक्त तीनदा पाहिलंत, याबद्दल आभारी आहे. आयोजकांचे, अव्वांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. थट्टेच्या भरात कुठे मर्यादा सुटली असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर आपल्याच गावचा म्हणून पदरात घ्या. अण्णांना निरोगी, निवांत आयुष्य लाभो. नमस्कार.