शेवटचा गळ

अगं, दारणेवर मासे धरायला गेलो होतो ते सांगितलंच नाही तुला! आमचे हे आणि यांचे मित्र सकाळपासून बसलेले. मासा ओढ घ्यायचा, गाठ सुटायची आणि गळ पाण्यात. शेवटी एकच गळ उरला. म्हटलं, "आणा, मी बांधते." माहेरी सुरगाण्याला शिकले होते ना! तंगुसाचा दोरा ओवला, वेढे दिले, थुंकी लावून आवळला, कणकेची गोळी लावली आणि गळ मीच पाण्यात टाकला.

"शिवणकाम नाही हे," हे हसले.

तेवढ्यात काठी अशी वाकली! हे ओरडले, "सोड, तुटेल!"

मी सोडते कसली! ओढत ओढत हाताएवढा रोहू काठावर आणला. गाठ जशीच्या तशी.

मित्र म्हणाले, "वहिनी, आम्हालाही शिकवा."

हे म्हणाले, "आधी मला!"