होडीत मावेल तेवढंच

बोईसरच्या दवाखान्यात चंद्रभानने पेपर उलटा धरला होता. कान मात्र सरळ, शेजारच्या बाकाकडे. तिथे चिंचणीची कोळीण नलू आणि औषधांच्या गोळ्यांच्या कारखान्यात जाणारी उषा बसल्या होत्या.

"उषाताय, सकाळपासून यांना लघवी नाय. कंबर धरून वरडतात."

"झालं काय?"

"हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टर बोलला, व्हिटॅमिन सीची एक गोळी द्या. मी दहा दिल्या."

"एकदम दहा?"

"लवकर बरं वाटंल म्हनून."

"अगं, ते व्हिटॅमिन आपल्या पायांनी आत जात नाही. आतड्यात त्याला उचलून रक्तात नेणारी प्रथिनं असतात, तीही मोजकीच. तुमची बोट खोल पाण्यात थांबते, मासळी होडीतून किनाऱ्याला येते ना? तसंच."

"म्हंजे होडीत मावलं नाय ते वाया?"

"बरंचसं. पण जादा आत गेलेलं किडनीला निस्तरावं लागतं. कधी खडे धरतात. घाबरू नकोस, किडन्या दोन असतात."

"यांना एकच हाय. दुसरी भावाला दिली."

उषा बाकावर तिच्याजवळ सरकली.

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सासू आत बसलीय. बोलंल, सुनेनंच पोरगा घालवला."

"बोलू दे! आधी सांग जा."

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"तुमच्या नवऱ्याला, महादूला, गोळ्या किती दिल्यात?"

"एकच," नलू बोलली.

"दहा!" चंद्रभान ओरडला.

नलूने वळून त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला.

"रोज," ती म्हणाली. "पंधरा दिस."